दुसरा भाग आणि पहिल्या जखमा

‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न आजीच्या कुशीत गोष्ट ऐकणारे मूल विचारते, आणि उतारवयातही तो आम्हांस सोडीत नाही. मेरी डोरिया रसेल या अमेरिकन लेखिकेची ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ (१९९८) ही अंतराळकादंबरी बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून आम्ही उघडली आणि मग ती हातांतून सुटेना. कारण तिचा पूर्वभाग ‘द स्पॅरो’ (१९९६) याने आम्हांस फार बेचैन केले होते.

त्या पूर्वभागात दूरच्या एका ग्रहावरचे गाणे रेडिओ-दुर्बिणीवर ऐकू येते, आणि येशूसंघीय धर्मगुरू आपल्या सोबत्यांसह त्या गाणाऱ्यांच्या भेटीस निघतात. हेतू निर्मळ असतो. परंतु त्यांचे पाहून तेथील दुबळी जमात बागा लावते, अन्न मुबलक होते, अपत्ये वाढतात. आणि तिच्यावर सत्ता गाजविणारी मांसाहारी जमात ती कोवळी बाळे मारून टाकते. पृथ्वीवर परततात ते एकटे फादर एमिलिओ सँडोझ: हात कायमचे विद्रूप झालेले, श्रद्धा ढासळलेली. शीर्षकातील चिमणी शुभवर्तमानातली आहे. पित्याच्या नकळत ती भूमीवर पडत नाही खरी, पण पडते.

दुसऱ्या भागात फादरांना त्यांच्या इच्छेविरुद्ध त्याच ग्रहाकडे नेले जाते. पीडितांनी बंड केलेले असते, आणि कालचे जुलमी आता नामशेष होण्याच्या काठावर असतात. अखेरीस मानवासह तिन्ही जीवजातींच्या आनुवंशिक रचनेतून एक संगीत गवसते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. हे संगीत लाभावे म्हणून ती बाळे मरायची होती काय? शेवट गोड झाला की आधीचे कडू न्याय्य ठरते काय?

मान वर केली तेव्हा उजनीचे पाणी दिसू लागले होते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने भीमाकाठची गावे बुडाली. आज या परिसरात ऊस डोलतो, आणि हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात. हाही एक दुसरा भागच, आणि तो सुंदर आहे. परंतु उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या बुडालेल्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर येते. ज्याचे घरदार त्या पाण्याखाली गेले, त्याला “पाहा, पक्षी किती छान आले!” असे सांगणे हे सांत्वन नव्हे.

कोणी म्हणेल, पास्काच्या रात्री ख्रिस्तसभा आदामाच्या अपराधालाही धन्य म्हणते, ते कसे? म्हणते खरी. परंतु ते गीत शुभ शुक्रवार पाळून झाल्यावर गायिले जाते, त्याच्याऐवजी नव्हे. देव वाइटातूनही चांगले घडवितो अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून वाईट हे चांगले होत नाही.

संत लूकनेही शुभवर्तमानाला दुसरा भाग जोडला, तो म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’. पौल रोममध्ये कैदेत असतानाच तो संपतो; निकाल सांगितलेला नाही. आणि त्या दोन भागांच्या सांध्यावर पुनरुत्थित प्रभू उभा आहे. त्याच्या देहावरच्या जखमा पुसलेल्या नाहीत. थोमाने प्रभूला ओळखले ते त्या जखमांमुळेच. कादंबरीतील फादरांचे हातही पूर्ववत होत नाहीत, म्हणूनच त्या कथेवर आमचा विश्वास बसला.

‘पुढे काय झाले?’ ही ओढ आम्ही आशेचेच एक रूप मानतो. तथापि आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी तरणे मूल जाते, तेव्हा “यात देवाची काही योजना असेल” असे उंबरठ्यावरूनच बोलण्याची घाई आपल्या जिभेला असते. तो दुसरा भाग आपण लिहिलेला नाही आणि वाचलेलाही नाही. तोवर त्या आईजवळ पहिल्याच भागात निमूट बसावे, एवढेच आपल्या हाती आहे.