अवयव न दाखवता

दोनाच्या ६७व्या घातातून एक वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांच्या यादीत घातलं. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं की ती मूळ नाही. पण तिला कशाने भाग जातो, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

इथे मला एका जुन्या समजुतीला तडा गेलेला दिसतो. मूळ नाही म्हणता, तर विभाजक दाखवा, हीच आपली शाळेपासूनची सवय. ल्युकांच्या कसोटीत विभाजकाचा शोधच नाही. पुढे लेहमर यांनी तिला दिलेलं सुटसुटीत रूप कुणालाही कागदावर करून पाहता येईल. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागायचं आणि उरलेल्या बाकीवर पुन्हा तेच. ३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक. इथे ४ नंतर १४ येतात, मग १९४. त्यांना ३१ने भागलं की बाकी ८. आठाचा वर्ग ६४, त्यातून दोन गेले की ६२, आणि बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीला शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. घातांक ६७ असेल तर पायऱ्या ६५, आणि शेवटी शून्य येत नाही. निकाल लागला!

अवयव हाती आले ते १९०३ मध्ये. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर जाऊन बसले, ही हकीकत गणितप्रेमी आवडीने सांगतात. कष्ट अफाट होते, यात शंका नाही. या संख्येचा कोणताही विभाजक १३४च्या पटीत एक मिळवूनच येतो, हे ठाऊक होतं. तरी लहान अवयव त्या रांगेत १४,४५,५८०वा आहे. असं असूनही मला ल्युका मोठे वाटतात. कोल यांनी उत्तर शोधलं. ‘आहे’ हे कळणं आणि ‘कोणतं’ हे सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ल्युकांनी दाखवलं.

ल्युकांनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अंतरावर गुप्तलिपी उभारली. मोठ्या मूळ संख्या ओळखणं सोपं, म्हणून दोन निवडून गुणता येतात. गुणाकारातून त्या परत काढणं महाकठीण. त्यांनी आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे अवयव मिळायला १९९४ उजाडलं.

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी खात्रीची, जलद रीत दिली. तीही अवयव हातात देईलच असं नाही. आजच्या संगणकांवर अवयव काढण्याची तशी जलद रीत कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.