हिऱ्यातला डाग

‘पिंक पँथर’चं कार्टून पाहता पाहता नातवानं विचारलं, “आजोबा, हा खरा आहे का?” मी गप्प झालो. वर्गात वर्षानुवर्षं मी वेदान्तातलं नाम-रूप हेच तर शिकवलं.

१९६३च्या ब्लेक एडवर्ड्सच्या चित्रपटात पिंक पँथर हे एका हिऱ्याचं नाव. हिऱ्याच्या पोटात बारीकसा डाग, झेप घेणाऱ्या पँथरसारखा. श्रेयनामावलीसाठी फ्रिझ फ्रेलेंगच्या स्टुडिओनं त्या डागाला देह दिला, हेन्री मॅन्सिनीच्या धुनेतल्या सॅक्सोफोननं चाल दिली. १९६४च्या ‘द पिंक फिंक’ या पहिल्याच लघुपटाला ऑस्कर मिळालं. त्यात एक बुटका माणूस खांब निळा रंगवतो, हा पँथर मागून गुलाबी करत जातो. मालिकेतल्या पुढच्याच ‘अ शॉट इन द डार्क’ या चित्रपटात तर तो हिराच नाही.

वेदान्तात माती सत्य, घट नुसतं नाव, मिथ्या. पण मिथ्या म्हणजे खोटं नव्हे. स्वतःच्या बळावर नसलेलं, एवढंच. हे मला त्या डागानं जास्त नीट समजावलं. नातवाला म्हणालो, “आहे रे, पण एकट्याचा नाही.”

या चित्रपटांतला अभिनेता पीटर सेलर्स १९८०मध्ये गेला. १९८२च्या पिंक पँथर चित्रपटात, जुन्या न वापरलेल्या चित्रीकरणातून, तो पुन्हा पडद्यावर आला.