नाव पटावर, मूल फडात

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, अंथरुणं, कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू, पिठाचं पोतं, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी आहे ती मागे राहतात, बाकीची निघतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा वर्गातले कितीतरी पाट मोकळे असतात. हजेरीपटावर मात्र नावं तशीच राहतात. मूल परत येतं ते थेट मार्च-एप्रिलमध्ये, उन्हं तापल्यावर.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचं बेळगाव इथल्या उसाच्या फडांत दरवर्षी लाखो माणसं अशी उतरतात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: आईबापांनाच शाळेची किंमत नाही. हे वाक्य अन्यायाचं आहे, कारण ते मजुरीचा हिशेब न बघताच बोललं जातं.

नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती हंगामभर फेडायची आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढवायची. एखादा दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, धरला जातो. मजुरी दिवसावर नाही, टनावर. जानेवारी २०२४ च्या करारानंतर टनाला ३६६ रुपये असा दर ठरला, आणि पहाटे अंधारात उठून जोडीने राबावं तेव्हा दीड-दोन टन ऊस तुटतो. अशा हिशेबात दहा वर्षांच्या पोराने मोळ्या बांधायला हात लावला, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा केले, तर संध्याकाळपर्यंत थोडं वजन वाढतं. पोरीने कोपीत थांबून धाकट्याला सांभाळलं, भाकरी थापली, पाणी भरलं, तर आईचे दोन्ही हात कोयत्याला मोकळे राहतात. कारखान्याच्या कुठल्याही कागदावर या मुलांची नोंद नसते. काट्यावरच्या वजनात मात्र त्यांचे कष्ट असतात, आणि टनावरची मजुरी जोवर दोन मोठ्या माणसांच्या कष्टाने पोट भरण्याइतकी होत नाही, तोवर ते तिथे राहणारच.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की पेच आणखी घट्ट होतो. गावी एकटी ठेवायची भीती, उघड्या रानात कोपीला ठेवायची त्याहून भीती. शिवाय लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो, उचल वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं.

ही मुलं ज्या मुलखात पोचतात त्या मुलखाचा इतिहास आठवला की अस्वस्थ व्हायला होतं. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली आणि सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते, शिकतात मात्र वरचे, हेही सुनावलं. पुढे सहकारी साखर कारखान्यांभोवती शाळा उभ्या राहिल्या, अभियांत्रिकी महाविद्यालयंही आली. प्रवरानगर, वारणानगर ही त्यातली ठळक नावं. ऊस पिकवणाऱ्याच्या मुलांसाठी हे झालं आणि ते मोठंच काम होतं. ऊस तोडणाऱ्याची मुलं त्या आवारांच्या बाहेरच राहिली.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. बैलगाडीवाल्या टोळ्यांच्या कोप्या कारखान्याजवळ असत, त्यांच्या मुलांना या शाळा सोयीच्या पडल्या. ट्रक-ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या मात्र फडामागून फड बदलत फिरतात. त्यांच्यापर्यंत शाळा पोचणं फार अवघड होतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवं हे धोरण आलं आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व योग्यच होतं. पण पाच-सहा महिन्यांपुरती आलेली मुलं स्थानिक शाळेने सामावून कशी घ्यायची, याची तयारी त्या तत्त्वाच्या मागे नव्हती. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत नंतर आली. ते घेऊन मूल बेळगावकडच्या फडात गेलं तर पत्रक मराठी आणि जवळची शाळा बहुधा कन्नड.

दुसरा मार्ग मुलांना गावातच थांबवण्याचा, म्हणजे हंगामी वसतिगृहांचा. नाव वसतिगृहाचं असलं तरी बऱ्याच गावांत त्याला इमारत नसते. मुलं शाळेच्या व्यवस्थेत जेवतात आणि रात्री आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपतात. तेही मोलाचं आहे, कारण वर्ग सुटत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने आईवाचून ठेवणं हा उपाय म्हणून किती काळ मान्य करायचा, हा प्रश्न उरतोच. शिवाय मुलींच्या बाबतीत पालकांना हवी असते ती भिंत, दार आणि रात्री हजर असणारी बाई. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ती या गरजेच्या जवळ जाणारी आहे.

तरीही जी मुलं फडावर जातातच, त्यांच्यापैकी कुठलं मूल कुठे जाणार हे आधी कळत नाही, अशी अडचण नेहमी सांगितली जाते. ती खरी नाही. उचल आषाढ-श्रावणात वाटली जाते. कोणता कोयता, कोणतं गाव, कोणता कारखाना, किती रक्कम, हे सगळं मुकादमाच्या वहीत तेव्हाच उतरतं आणि कारखान्याशी करारही त्याच आधारावर होतो. त्या यादीला मुलांची नावं, वय आणि इयत्ता एवढे तीन रकाने जोडले, तर करवीर किंवा वाळवा तालुक्यातल्या शाळेला आपल्याकडे कोण येणार हे ऑगस्टमध्येच कळेल. मूल ट्रकमध्ये चढायच्या दोन महिने आधी.