फणस सोडला, असं मी म्हणत होतो



आजचं वाचन भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९. भगवंत सांगतात की जो खाणं बंद करतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडीही जाते, पण परमात्म्याचा अनुभव आल्यावर.

हा श्लोक मी आजवर एकादशीला, खिचडीची वाट बघत वाचलाय. या रविवारी मात्र तो मला पुण्यातल्या एका थाई रेस्टॉरंटमध्ये भेटला, आणि भेटला तोही उलट्या बाजूने.

आईचा वाढदिवस होता. फिश सॉस नको, अंडं नको, असं सगळं दोनदा सांगून जेवण पार पडलं. मग गोड. मेनूत मँगो स्टिकी राइस होता, पण आईने आंबा सोडलाय. म्हणून वेटरने तब तिम क्रोब सुचवलं. थाईत याचा अर्थ साधारण 'कुरकुरीत माणकं'. वॉटर चेस्टनटचे बारीक तुकडे (आपला उपासाचा शिंगाडा नव्हे, पण तसाच करकरीत एक कंद) लाल रंगात बुडवायचे, टॅपिओकाच्या पिठात घोळवायचे आणि उकळायचे. वरचं पीठ पारदर्शक होतं आणि आतला लाल तुकडा खरंच माणकासारखा दिसतो. हे सगळं गोड नारळाच्या दुधात, वर बर्फ. मी वेटरला नीट विचारलं, "यात आंबा नाही ना?" नाही म्हणाला.

वाट्या आल्या. दुधात पिवळे, लांबट काप तरंगत होते. एक खाल्ला. मऊ, थोडा चिवट, आणि नारळाच्या दुधात त्याचा वास असा काही मिसळला होता की मी पाठोपाठ तीन-चार चमचे मारले. "आई, हे पिवळं खाऊन बघ. काय भारी लागतंय!"

आईने एकच चमचा घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. "अरे, हा फणस आहे."

आता गयेची गोष्ट सांगावी लागेल. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी आणि आई गयेला गेलो होतो. फल्गूच्या काठी, विष्णुपदावर आणि शेवटी अक्षयवटाखाली पिंडदान झालं. तिथे एक फळ आणि एक भाजी कायमची सोडायची पद्धत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी सोडलेलं असेल. आईने क्षणभरही न थांबता आंबा सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, कटहल. पंडाजी म्हणाले, वो तो सब्ज़ी है. मी त्यांना पटवून दिलं की आमच्याकडे पिकवून खातात, फळच आहे. भाजी म्हणून तोंडली सोडली. ती मी तशीही ताटात बाजूला काढायचो.

आजोळ कोकणातलं. मे महिन्यात माजघरात फणस फोडला की मी बाहेर पळायचो. बरक्याचे बुळबुळीत गरे बघूनच अंगावर काटा यायचा. सांदणं, फणसपोळी, कशालाच हात लावला नाही. थोडक्यात, मी बाबांच्या नावाने जे सोडलं ते मी कधी धरलेलंच नव्हतं. आणि चार वर्षं लोकांना सांगत होतो, "मी फणस सोडलाय." एकदा तर ऑफिसात थोडा भावही खाल्ला.

श्लोकात माणसाचा विषय सुटतो आणि गोडी उरते. माझ्याकडे गोडीच नव्हती, मग सुटलं काय? आजीच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती चलाखी. अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की त्रास होतो म्हणून कर्म टाकलं तर तो राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ नाही. तिथे विषय कर्तव्याचा आहे, फळभाज्यांचा नाही, हे मलाही कळतं. तरी 'फळ नाही' हे शब्द त्या वाटीसमोर बसून आठवले आणि हसू आलं. मग आलं नाही.

माउली या श्लोकावर लिहिताना सरळ जिभेवरच येतात. कान, डोळे आवरले आणि जीभ मोकळी ठेवली, तर ते वरची पालवी खुडून मुळाशी पाणी घातल्यासारखं आहे. आणि पुढे कबूलही करतात की बाकी इंद्रियांचा विषय तोडता येतो, तसा रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्यावाचून जगणंच नाही. मला यात माउलींचा जिव्हाळा दिसतो. ते जेवणाऱ्या माणसाला दोष देत नाहीत, तो फसतो कुठे ते दाखवतात.

नकळत खाल्लं, त्यामुळे नियम मोडला का, हा प्रश्न मला फारसा छळत नाहीये. त्याला प्रायश्चित्त असेल, करीन. टोचतंय ते वेगळंच. वेटरला मी आंब्याबद्दल खोदून विचारलं, कारण आईचा नियम खरा आहे हे मला आतून माहीत होतं. फणसाबद्दल विचारावं हे डोक्यातही आलं नाही.

मी आईला विचारलं, "तू आंबाच का सोडलास? बाबांना आवडायचा म्हणून?"

"नाही रे, ते एखादी फोड खायचे. मलाच आवडायचा." ती वाटीतला बर्फ हलवत होती. "पहिल्या वर्षी शेजारच्यांची पेटी आली, घरभर वास. मी स्वयंपाकघराचं दार लावून रडले. आता एप्रिल आला की वास येतो आणि आधी ते आठवतात, मग आंबा."

चार वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

माझ्या वाटीत अजून पाच-सहा काप होते. खरं सांगतो, खावेसे वाटत होते. चांगलेच वाटत होते. बाबा गेल्यानंतर फणसाशी माझा पहिल्यांदाच काहीतरी संबंध आला होता.

"आता काय करू?" मी विचारलं.

"काय करायचंय? आजपासून सोड." आणि तिने चमच्याने माझ्या वाटीतले काप एकेक करून उचलले, स्वतःच्या वाटीत घेतले आणि शांतपणे खाल्ले. मी लाल माणकं संपवली.

जूनमध्ये मामाकडून दरवर्षीसारखा कापा येईल. या वेळी फोडायला मी बसणार आहे. हाताला तेल लावून, चीक काढून, गरे आईच्या ताटात.