हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

परगावी हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला अलीकडे खोलीत शिरताच एक लहानशी चिठ्ठी दृष्टीस पडते. कोठे ती उशीवर ठेवलेली असते, कोठे न्हाणीघरातील आरशाजवळ, तर कोठे दाराच्या मुठीला अडकवलेली. तिच्यावर एखादे हिरवे पान किंवा पृथ्वीचा गोल छापलेला असतो आणि खाली विनंती असते, की पाणी, वीज व साबण यांची बचत व्हावी म्हणून आपण खोली रोज आवरून घेऊ नये. विनंती सौम्य असते, हेतू उदात्त सांगितलेला असतो आणि ती मान्य करण्यास पाहुण्याला कोणतेच कष्ट पडत नाहीत. चिठ्ठी दाराला अडकवली की पृथ्वीची सेवा घडली! अशा सत्कार्याविषयी शंका काढणे कित्येकांना कोतेपणाचे वाटेल. तथापि या चिठ्ठीच्या आड नीतीचा एक जुनाच प्रश्न उभा आहे आणि तो हॉटेलापुरता मर्यादित नाही, अशी आमची समजूत असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न असा, की त्याग कोणाचा म्हणावा? ‘मी सोडले’ असे जो म्हणतो त्याचा, की त्या सोडण्यामुळे ज्याच्या पदरचे जाते त्याचा?

विवेचनाच्या आरंभी या विनंतीतील खरा भाग मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. आपल्या घरी आपण अंग पुसण्याचा टॉवेल एकदा वापरून धुण्यात टाकीत नाही, अथवा अंथरुणावरची चादर रोज सकाळी बदलीत नाही. मग पैसे मोजले आहेत एवढ्याच कारणास्तव परगावी गेल्यावर रोज नवी चादर आणि नवा टॉवेल मागणे ही उधळपट्टीच होय. मोठ्या हॉटेलात शेकडो खोल्या असतात. त्या प्रत्येक खोलीतील कपड्यांना गरम पाणी आणि साबण लागतो व ते यंत्रात वाळविण्यासाठी वीज किंवा इंधन खर्ची पडते. तेव्हा टॉवेल दोन-तीन दिवस वापरा, असे कोणी सांगितले तर त्यात वावगे काही नाही.

माणसे अशा विनंतीला मान देतात, हेही दिसून आले आहे. गोल्डस्टाइन, चाल्डीनी आणि ग्रिस्केव्हिशियस या अमेरिकन संशोधकांनी तेथील एका हॉटेलात केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यावरणाचे रक्षण करा, एवढेच लिहिलेली पाटी वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. मात्र येथील बहुसंख्य पाहुणे असेच करतात, असे लिहिलेली पाटी लावली तेव्हा हे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवर गेले. भल्या कामात मनुष्य सोबत शोधतो, असा याचा अर्थ. ज्या विनंतीला लोक इतक्या सरळपणाने प्रतिसाद देतात, ती करणाऱ्यावर तितकीच मोठी जबाबदारी येते. श्रद्धेने पुढे केलेल्या हातावर काय ठेवले जाते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

या चिठ्ठीविषयीचा संशय आजचा नव्हे. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरण-अभ्यासकाने १९८६ मध्ये एका निबंधात हॉटेलांच्या टॉवेल वाचविण्याच्या पाट्यांवर बोट ठेवले आणि अशा वरपांगी पर्यावरणप्रेमासाठी ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरला. भिंतीचे पोपडे तसेच ठेवून वर हिरव्या रंगाचा हात मारावा, तसला हा प्रकार. एकीकडे धंद्याचा विस्तार निसर्गाची पर्वा न करता चालू ठेवावयाचा आणि दुसरीकडे पाहुण्याला टॉवेल वाचविण्याचा उपदेश करावयाचा, यातील विसंगती त्याला खटकली होती.

त्या काळी गोष्ट टॉवेलापुरती होती. पुढे ती खोलीच्या संपूर्ण साफसफाईपर्यंत पोहोचली. २००९ च्या सुमारास स्टारवुड या हॉटेल-समूहाने अमेरिकेत एक योजना सुरू केली. जो पाहुणा ‘आज खोली आवरू नका’ असे कळवील, त्याला खाण्यापिण्यासाठी पाच डॉलरचे कूपन अथवा पुढच्या मुक्कामात उपयोगी पडणारे गुण मिळत. योजनेचे नाव अर्थातच हिरवे होते. २०१६ मध्ये हा समूह मॅरियट कंपनीने विकत घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅरियटच्या हॉटेलांतील सुमारे ७,७०० कामगारांनी अमेरिकेतील आठ शहरांत संप पुकारला. एका नोकरीत पोट भरले पाहिजे, ही त्यांची मुख्य घोषणा होती. परंतु त्यांच्या गाऱ्हाण्यांत ही हिरवी योजनाही होती. सॅन फ्रान्सिस्को येथील संप तर सुमारे दोन महिने चालला.

साफसफाई कमी झाली तर ती करणाऱ्यांनी तक्रार का करावी, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु त्यांचे म्हणणे नीट ऐकले म्हणजे उलगडा होतो. खोल्या आवरणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया असतात, त्यांतही परदेशांतून पोटासाठी आलेल्या पुष्कळ. त्यांना वेतन तासांवर मिळते. पाहुण्यांनी खोल्या ‘नको’ म्हटल्या, की त्या दिवशी काही जणींना कामावर बोलावलेच जात नाही. अनेक ठिकाणी आजारपणाचा विमादेखील कामाच्या तासांवर अवलंबून असतो. तेव्हा तास कमी झाले, की मजुरीबरोबर औषधपाण्याचा आधारही डळमळतो. ज्यांना काम मिळते त्यांचे कष्टही हलके होत नाहीत. चार दिवस न आवरलेल्या खोलीत न्हाणीघरातील साबणाचे डाग वाळून घट्ट बसलेले असतात, केराची टोपली ओसंडत असते आणि अंथरूण-पांघरूण व टॉवेल यांचा ढीग पडलेला असतो. एवढे सारे रोजच्याएवढ्याच ठरावीक वेळात उरकावयाचे! म्हणजे काम गेले तिची मजुरी बुडाली आणि काम राहिले तिची पाठ मोडली.

२०२० च्या महामारीनंतर या प्रथेने अधिकच मूळ धरले. हिल्टन समूहाने २०२१ च्या जुलैत जाहीर केले, की अमेरिकेतील आपल्या उंची हॉटेलांखेरीज इतरांत मुक्कामाच्या काळातील साफसफाई पाहुण्याने मागितली तरच केली जाईल, नाहीतर पाचव्या दिवशी. रोजची साफसफाई सर्वत्र बंद झाली तर देशातील हॉटेलांत या कामाच्या ३९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे एक लाख ऐंशी हजार जागा नाहीशा होतील, असा अंदाज युनाइट हिअर या कामगार संघटनेने त्याच वर्षी मांडला. हा अंदाज एका पक्षाचा आहे, हे ध्यानी ठेवून तो पाच-दहा टक्के कमी धरला, तरीही उरणारा आकडा लहान नाही. दुसरीकडे नेवाडा राज्याने २०२० मध्ये मोठ्या हॉटेलांना रोजची साफसफाई कायद्याने सक्तीची केली. तो नियम २०२३ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या कामगारांनी मोठ्या कंपन्यांशी केलेल्या करारांत रोजची साफसफाई पुन्हा पदरात पाडून घेतली. जे काम टाळणे ही पृथ्वीची सेवा म्हणून पाहुण्याला सांगितले जाते, तेच काम टिकावे म्हणून ते करणारे झगडतात, हे चित्र विचार करावयास लावणारे आहे.

हॉटेलवाल्यांचीही बाजू आहे. पुष्कळ पाहुण्यांना आपल्या गैरहजेरीत कोणी खोलीत यावे असे वाटत नाही, असे ते म्हणतात आणि ते खरे आहे. कामाला माणसे मिळत नाहीत, असेही महामारीनंतर अनेकांनी सांगितले. ही कारणे प्रामाणिकपणे सांगावीत. ती सांगण्यास लाज वाटण्याचे प्रयोजन नाही. आमचा आक्षेप आहे तो पृथ्वीचे नाव पुढे करण्याला.

वाचकांनी जरा हिशेब करून पाहावा. पाण्याचा मोठा खर्च होतो तो चादरी आणि टॉवेल धुण्यात. ते रोज धुवू नयेत, हे आम्ही वर मान्य केलेच आहे. परंतु केराची टोपली रिकामी करावयाला, पलंग नीट लावावयाला, टेबलावरची धूळ पुसावयाला असे किती पाणी लागते? थोडे औषध, थोडी वीज लागते, हे खरे. पण तेथे मुख्यतः खर्ची पडतात ते मनुष्याचे श्रम. म्हणून कपडे धुणे कमी केले तर पाणी वाचते आणि खोली आवरणे बंद केले तर मुख्यत्वे मजुरी वाचते. या दोन बचती एकाच चिठ्ठीत, एकाच हिरव्या पानाखाली घातल्या, की दुसरीला पहिलीचे पुण्य आपोआप चिकटते. सारी मेख येथे आहे.

आपल्याकडे दान देताना त्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवून ‘न मम’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘हे माझे नव्हे’ असे म्हणण्यापूर्वी ती वस्तू मुळात माझी असावी लागते, हे या विधीत गृहीतच आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या मालावर उदार होणाऱ्याला आपल्या वाडवडिलांनी ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ठेवणारा म्हटले. पाहुणा चिठ्ठी अडकवितो तेव्हा त्याच्या सुखात फारशी उणीव येत नाही. हॉटेलच्या मालकाची तर बचतच होते. खोलीचे भाडे मात्र सहसा तेवढेच राहते. उणे होते ते एका तिसऱ्या व्यक्तीच्या दिवसाच्या कमाईत, जिला कोणी काही विचारलेले नसते. मिठाई हलवायाची, तुळशीपत्र आमचे आणि पुण्यही आमचेच!

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचा विचार आला आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. नियत कर्म करीत राहावे आणि फळाची आसक्ती सोडावी, यास तेथे खरा त्याग म्हटले आहे. आमच्या प्रस्तुत उदाहरणात नेमके उलटे घडते. पाहुण्याची खोली स्वच्छ राखणे हे यजमानाचे कर्म आणि भाडे हे त्याचे फळ. येथे कर्म सोडले जाते आणि फळ तेवढे जपून ठेवले जाते. यास काटकसर म्हणावे, व्यवहार म्हणावे, त्याग म्हणू नये.

यावर कोणी म्हणेल, की एखाद्याला काम मिळावे म्हणून अनावश्यक काम चालूच ठेवावे काय? प्रश्न रास्त आहे. गिरण्या आल्या आणि हातमाग बसले, मोटारी आल्या आणि टांगे गेले. काळाबरोबर कामे बदलतात आणि कोणतेही काम केवळ सवय म्हणून चिरकाल राखता येत नाही. परंतु बदलाचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. बचत जर खरोखर सर्वांच्या हिताची असेल, तर तिची झीज सर्वांनी थोडी थोडी सोसावी. मालकाने वाचलेल्या पैशातून तासांची हमी द्यावी, अधिक मळलेल्या खोलीला अधिक वेळ द्यावा, पाहुण्याचे भाडे थोडे कमी करावे. यांतील काहीच न करता सगळी झीज सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या अंगावर टाकणे न्यायाचे होत नाही.

वर उल्लेखिलेल्या संशोधकांचाच आणखी एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही टॉवेल पुन्हा वापरलेत तर आम्ही पर्यावरण-कार्यास देणगी देऊ, असे हॉटेलने म्हटले तेव्हा पाहुण्यांचा प्रतिसाद बेताचाच राहिला. परंतु आम्ही पाहुण्यांच्या वतीने आधीच देणगी दिली आहे, आता आपण हातभार लावा, असे म्हटले तेव्हा तो लक्षणीय वाढला. उपदेश करणाऱ्याने प्रथम स्वतःचा हात सैल केला, तर सामान्य माणूस मागे राहत नाही, हेच यावरून दिसते.

हा विचार आपल्या उंबरठ्याच्या आतही लागू पडतो. आपण आठ दिवस यात्रेस किंवा मुलांच्या सुट्टीत गावी जातो आणि घरकामाच्या बाईंना ‘तेवढे दिवस येऊ नका’ म्हणून सांगतो. कित्येक घरी त्या दिवसांचा खाडा धरून महिन्याच्या पगारातून पैसे कापले जातात. सुट्टी आपण घेतली आणि खाडा त्यांचा झाला! २०२० च्या टाळेबंदीत काही कुटुंबांनी बाईंना घरी बसवून पूर्ण पगार दिला, काहींनी तो थांबविला. दोन्ही प्रकारची घरे आपण पाहिली आहेत. यात्रेचे पुण्य ज्या पैशातून जमते, त्यात कोणाच्या खाड्याचे पैसे मिसळलेले नाहीत ना, एवढे निघण्यापूर्वी पाहणे कोणत्याही गृहस्थास अवघड नाही.

तेव्हा हॉटेलातील ती चिठ्ठी हाती आली तर करावे काय? टॉवेल आणि चादर खुशाल चार दिवस वापरावी. त्यासाठी कूपनाची वाट पाहू नये. खोली आवरून घेणे नको असेल तर ती आपली सोय समजावी, त्यास परोपकाराचे नाव देऊ नये. व्यवस्थापकास सभ्यपणे विचारावे, की या योजनेमुळे खोल्या आवरणाऱ्यांचे तास कमी होतात काय. असे चार पाहुण्यांनी विचारले तर प्रश्न त्याच्या ध्यानात राहील. निघताना केर एका जागी गोळा करावा, ओले टॉवेल एकत्र ठेवावेत आणि बक्षिसी द्यावयाची ती खोली आवरणारीच्याच हाती पडेल अशी द्यावी. आपल्या सभासद कुटुंबांपैकी जी स्वतः या व्यवसायात आहेत, त्यांनी चिठ्ठी छापण्यापूर्वी आपल्याकडे काम करणाऱ्या बायांना एकदा जवळ बसवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

पृथ्वीची काळजी वाहणे हे आजच्या काळाचे मोठेच कर्तव्य आहे आणि त्यात टाळाटाळ करण्यास कोणासही या लेखाचा आधार घेता येणार नाही. आमचे सांगणे इतकेच, की तुळशीपत्र ठेवण्यापूर्वी ते ज्यावर ठेवतो ती वस्तू आपली आहे की नाही, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे.