न झालेल्या लढतींचा निकाल

ऐन भरातला जो लुईस आणि ऐन भरातला मुहम्मद अली एकाच रिंगमध्ये उतरले असते, तर कोण जिंकले असते? हेवीवेट मुष्टियुद्धाचे चाहते अशा प्रश्नांवर शंभर वर्षांहून अधिक काळ भांडत आले आहेत. धावण्याच्या शर्यतीत निदान घड्याळ असते. गावसकर की तेंडुलकर हा वाद धावांच्या सरासरीपाशी तरी आणून टेकवता येतो. मुष्टियुद्धात तीही सोय नाही. कोणाचा ठोसा किती लागू पडेल हे समोरचा कसा उभा आहे यावर ठरते आणि समोरचा बदलला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून बरेच जाणते लोक या वादाला रिकामटेकड्यांचा उद्योग समजतात. मला ते पटत नाही. हा प्रश्न दोघांपुरता आणि नियम ठरवून विचारला, तर त्याला तर्काने उत्तर देता येते. ‘सर्वकाळचे दहा सर्वश्रेष्ठ’ अशी उतरंड लावायला गेलो, की मात्र तोच प्रश्न निरर्थक होतो. ही समज एकाएकी आलेली नाही. तिच्यामागे फसलेल्या प्रयत्नांचा मोठा इतिहास आहे.

सुरुवातीला हा वाद कल्पनेतला नव्हताच. जेम्स जेफ्रीज 1905 मध्ये अपराजित राहून निवृत्त झाला. 1908 च्या डिसेंबरात सिडनीला जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि कृष्णवर्णीय माणूस जगज्जेता झाला, हे गोऱ्या अमेरिकेला सहन होईना. जेफ्रीजसमोर जॉन्सनचा टिकाव लागला नसता, असे म्हणणाऱ्यांनी अखेर जेफ्रीजला त्याच्या शेतावरून उठवून पुन्हा रिंगमध्ये आणले. 4 जुलै 1910 रोजी रीनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. 1912 मध्ये तर लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर तिथल्या संसदेने बंदी घातली. तरीही वाद मिटला नाही. हरला तो खरा जेफ्रीज नव्हेच, पाच-सहा वर्षांपूर्वीचा जेफ्रीज जिंकला असता, असे त्याचे चाहते म्हणत राहिले. त्या बोलण्यात वर्णद्वेष ठासून भरला होता, पण वयाचा मुद्दा तेवढ्याने खोटा ठरत नाही. 1951 मध्ये रॉकी मार्सियानोने लुईसला आठव्या फेरीत बाद केले, तेव्हा लुईस 37 वर्षांचा होता, आणि त्या निकालावरून लुईसपेक्षा मार्सियानो मोठा असे कोणी समंजस माणूस म्हणत नाही. दोन पिढ्या प्रत्यक्ष भिडल्या तरी प्रश्न सुटत नाही, हे एकदा कळल्यावर ‘दोघेही ऐन भरात’ ही अट आली. त्या अटीबरोबर लढत कायमची कल्पनेत गेली.

मग निकाल द्यायचा कोणी? पहिले उत्तर होते: ज्याने सगळे पाहिले आहे त्याने. 1922 मध्ये ‘द रिंग’ मासिक काढणाऱ्या नॅट फ्लायशर यांचा शब्द पुढची अनेक दशके प्रमाण मानला गेला. 1958 च्या त्यांच्या यादीत जॉन्सन पहिला, जेफ्रीज दुसरा, बॉब फिट्झसिमन्स तिसरा; लुईस थेट सहावा आणि एकही लढत न हरता निवृत्त झालेला मार्सियानो दहावा. आधीच्या आठ वर्षांत असे काही घडले नव्हते की जगाचे मत उलटावे, पण 1950 मध्ये असोसिएटेड प्रेसने क्रीडा पत्रकारांचा कौल घेतला तेव्हा अर्धशतकातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून जॅक डेम्प्सीची निवड झाली होती. फ्लायशर यांच्या यादीत तो चौथा आहे. जाणकारी दोन्हीकडे होती. तरुणपणी पाहिलेला योद्धा माणसाच्या मनात कधी म्हातारा होत नाही, त्यामुळे स्मृतीचा कौल पिढीगणिक बदलतच राहणार.

ही अडचण यंत्राने सुटेल असे 1967 मध्ये मायामीच्या मरे वोरोनर या रेडिओ-निर्मात्याला वाटले. त्याने 16 आजी-माजी विजेत्यांची स्पर्धा संगणकावर लावली. जाणकारांकडून प्रत्येकाच्या वेगाला, ठोशाला, सहनशक्तीला गुण मागवले आणि निघालेला निकाल धावत्या वर्णनासारखा रेडिओवरून ऐकवला. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले. अली तर त्याआधीच जेफ्रीजकडून हरला होता. अलीने चिडून वोरोनरवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्याने त्याचे विजेतेपद काढून घेतलेले, लढायला परवाना नाही, अशा दिवसांत शेवटी तडजोड झाली ती मार्सियानोसोबत एका चित्रपटात उतरण्याची. 1969 मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत 45 वर्षांचा मार्सियानो वजन उतरवून, डोक्यावर टोप चढवून अलीसमोर उभा राहिला. एक-एक मिनिटाच्या फेऱ्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित झाले. चित्रपट लागण्यापूर्वीच, 31 ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. 20 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना पाहिला. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. मला यातली फसवणूक दुय्यम वाटते. मुख्य गोष्ट ही, की यंत्राला पुरवलेले गुण त्याच जाणकारांच्या आठवणीतून आले होते. स्मृतीचीच बेरीज झाली, आणि तिला शास्त्राचा मान मिळाला.

आज आकडेवारी कितीतरी पटींनी वाढली आहे. तेव्हा आता तरी संगणक खरे सांगेल, असा आक्षेप येईल. मोजमाप सुधारले आहे, हे मान्य. पण अशी बहुतेक गणिते गृहीत धरतात की योद्ध्यांना एका रांगेत उभे करता येते: क ने ख ला हरवले, ख ने ग ला हरवले, तर क हा ग पेक्षा वरचढ. याच्या विरोधातला पुरावा 1971 ते 1974 या काळात मिळाला. जो फ्रेझरने 1971 मध्ये अलीला गुणांवर हरवले. 1973 मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. त्याच वर्षी किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने फ्रेझरला सहा वेळा खाली पाडून दुसऱ्याच फेरीत संपवले, आणि पुढच्या वर्षी काराकासला नॉर्टनचीही तीच गत केली. रांगेचा हिशेब लावला तर 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीची धडगत नव्हती. अली आठव्या फेरीत फोरमनला बाद करून जिंकला. फ्रेझर खाली वाकून पुढे घुसायचा आणि फोरमनच्या खालून वर येणाऱ्या ठोशांच्या वाटेतच सापडायचा. अलीने दोरांना टेकून तेच ठोसे दंडांवर झेलले आणि फोरमनचा दम संपू दिला. अशा वर्तुळाची उतरंड कोण कशी लावणार? एक ते दहा अशा याद्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळे.

जोडी ठरली तरी नियम ठरवावेच लागतात, कारण नियम योद्धा घडवतात. 1919 मध्ये टोलेडोला डेम्प्सीने पहिल्याच फेरीत जेस विलार्डला सात वेळा पाडले. प्रत्येक वेळी तो विलार्डच्या उशाशीच उभा राहायचा, आणि गुडघे जमिनीवरून सुटताच पुन्हा हाणायचा. तेव्हा ते चालत असे. पुढे समोरचा पडल्यावर दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम आला. 1927 मध्ये शिकागोला सातव्या फेरीत जीन टनी पडला तेव्हा डेम्प्सी सवयीने तिथेच रेंगाळला, पंचांनी मोजणी उशिरा सुरू केली, टनीला सुमारे 14 सेकंद मिळाले आणि तो लढत जिंकला. माणूस तोच, पण नियम बदलल्यावर त्याचे निम्मे हत्यार बोथट झाले. फेऱ्यांचेही तसेच. 18 जून 1941 रोजी न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकेवर लुईसच्या पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती. तेराव्या फेरीत लुईसने त्याला बाद केले. 1982 मध्ये किम दुक-कू या कोरियन मुष्टियोद्ध्याचा चौदा फेऱ्यांच्या लढतीनंतर मृत्यू झाला आणि जागतिक लढती हळूहळू 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. त्या गुणपत्रिका आजच्या नियमाने वाचल्या तर कॉन जगज्जेता ठरतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप शरीराचा आहे. आजचे हेवीवेट इतके धिप्पाड आहेत की जुन्यांचे नाव काढण्यातही अर्थ नाही, असे म्हटले जाते. मार्सियानो आणि डेम्प्सी 185 पौंडांच्या आसपासचे. आज ते 200 पौंडांच्या मर्यादेतल्या क्रूझरवेट गटात लढले असते. जवळपास साडेसहा फूट उंचीच्या लेनॉक्स लुईससमोर मार्सियानोला मी संधी देत नाही. पण आकारमान हे सगळ्या प्रश्नांचे उत्तर नव्हे. क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्सांद्र उसिकने 2024 मध्ये आपल्याहून कितीतरी जड असलेल्या टायसन फ्युरीला दोनदा हरवले. आणि काळाबरोबर सगळेच सरस होत जाते म्हणावे, तर 1974 मध्ये अलीकडून हरलेल्या फोरमनने वीस वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तोवर अपराजित असलेल्या मायकल मूररला दहाव्या फेरीत बाद करून विजेतेपद परत मिळवले.

राहिला निरुपयोगाचा आक्षेप. याबाबत मला जास्त कळकळ वाटते, कारण सगळ्याच काल्पनिक लढती काळाच्या अंतरामुळे काल्पनिक झालेल्या नाहीत. जॉन एल. सलिव्हनने पीटर जॅक्सनशी लढायला नकार दिला, कारण जॅक्सन कृष्णवर्णीय होता. डेम्प्सीच्या काळात हॅरी विल्स वर्षानुवर्षे ताटकळला. सॅम लँगफर्डला तर स्वतः जॉन्सननेही जगज्जेता झाल्यावर संधी दिली नाही. फ्लायशर यांनी आपल्या यादीत लँगफर्डला सातवे स्थान दिले, ही त्या यादीतली मला सर्वाधिक आदर वाटणारी नोंद आहे. विजेत्यांच्या नोंदवहीत ही तीन नावे नाहीत. या माणसांचा विचार करायचा तर ‘तर काय झाले असते’ असे विचारण्यावाचून इलाज नाही.

आता लुईस आणि अली. वर्ष अलीसाठी 1966, लुईससाठी 1941, फेऱ्या 15. लुईसपेक्षा सुमारे 25 पौंडांनी हलक्या कॉनने नुसत्या पायांच्या जोरावर त्याला बारा फेऱ्या खेळवले. अलीचे पाय तितकेच चपळ, हात जास्त लांब, वजन 210 पौंडांच्या वर, आणि पुढे होऊन भिडण्याची कॉनने केलेली चूक करण्याची त्याला गरज नाही. लुईसच्या बाजूने बोलायला भक्कम जागा आहे: अली हात खाली ठेवून मान मागे खेचायचा, आणि 1963 मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हुकने त्याला वेम्बलीत आडवे केले होते. लुईसचा हुक त्याहून जलद होता. तरी जॅब मारल्यावर डावा हात खाली येऊ देण्याची लुईसची खोड श्मेलिंग या प्रतिस्पर्ध्याने 1936 मध्ये हेरली होती, आणि तिथे घुसणारा सरळ उजवा ठोसा अलीकडे होता. अली एकदा खाली पडेल, आणि गुणांवर जिंकेल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी याद्या दाखवू नयेत. अलीचे पाय लुईसने कोणत्या फेरीत आणि कशाने थांबवले असते, ते सांगावे.