स्त्रीबीजाचें दान

मूल नाहीं म्हणून सुनेला पाण्यांत पाहणारीं घरें आमच्या मंडळ्यांतही आहेत, हें कबूल केल्यावांचून या विषयास हात घालणें बरें नव्हे. बारशास तिला बोलावीत नाहींत, उपासनेसही ती मागें बसते. अशा भगिनीस आतां डॉक्टर सांगतात कीं, दुसऱ्या स्त्रीचें बीज घेऊन तुझ्या उदरीं मूल वाढवितां येईल. सन १९८३-८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व अमेरिका या देशांत अशीं पहिलीं मुलें झालीं. पण तें बीज जिनें द्यावयाचें, तिचें काय?

स्त्रीच्या शरीरांत दर महिन्यास बहुधा एकच बीज पक्व होतें. पुष्कळ बीजें एकदम मिळावीं म्हणून तिला दहाबारा दिवस इंजेक्शनें घ्यावीं लागतात; मग भूल देऊन सुईनें तीं काढून घेतात. बहुतेक स्त्रिया सुखरूप घरीं जातात. कांहींच्या बीजकोशांस फार सूज येते, पोटांत पाणी सांचतें, क्वचित् जिवावरही बेततें. रक्त देऊन संध्याकाळीं चुलीपुढें बसावें, तसें हें नव्हे.

आपल्या देशांत याविषयीं सन २०२१ चा कायदा आहे. देणारी २३ ते ३५ वर्षांची असावी, तिनें जन्मांत एकदांच द्यावें, ७ हून अधिक बीजें काढूं नयेत, आणि घेणाऱ्या जोडप्यानें तिचा १२ महिन्यांचा विमा उतरावा. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. मूल कायद्यानें त्या जोडप्याचेंच.

रोमन मंडळीनें सन १९८७ त ही रीत अयोग्य ठरविली. पतिपत्नींमध्यें तिसरें मनुष्य येतें, हें त्यांचें कारण हलकें नव्हे. तरी येथें परक्याचा संग नाहीं, म्हणून यास व्यभिचार म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. देवानें बंद केलेलें उदर मनुष्यानें कां उघडावें, असें कोणी म्हणतील. पण मोतीबिंदू काढविणाऱ्यास आम्ही असें विचारीत नाहीं. आमची अडचण निराळी आहे. जिच्या दारीं सावकार बसला आहे, जिचा नवरा दलालाशीं आधींच बोलून आला आहे, तिनें मान हालविली तर तिला दान म्हणावें काय? कायद्यानें विक्री बंद केली, गरज बंद झाली नाहीं.

अब्रामाच्या घरीं हेंच झालें. सारायचें दुःख खरें होतें. पण हागारेस कोणी विचारलें, असें शास्त्रांत नाहीं. त्या दोघांच्या तोंडीं तिचें नांवही येत नाहीं, दासी एवढेंच. अरण्यांत दूतानें मात्र तिला नांवानें हाक मारली.

म्हणून कोणी भगिनी सल्ला विचारावयास आली, तर उपदेशकानें एकदम निवाडा देऊं नये. त्याच्या पत्नीनें तिला एकटीस, नवऱ्यासमोर नव्हे, विचारावें : पैशांची गोष्ट नसती तर तूं हें केलें असतेंस काय? ती समजून उमजून 'हो' म्हणाली, तर तिला अडवूं नये. ती गप्प राहिली, तर मंडळीच्या पेटींत त्या महिन्यास काय आहे तें पाहावें.